उताराचा कागद

४ मार्च

घुम्या,

'प्रिय' लिहीत नाही. खोटं लिहायची मला सवय नाही. खुशालीही विचारत नाही, कारण मी सात वेळा फोन केला आणि सातही वेळा तू तो कापलास. म्हणजे बोटं शाबूत आहेत, एवढं कळलं.

आईने तुझा पत्ता आत्ताआत्ता दिला. इतके दिवस "मला माहीत नाही" म्हणत होती. मला दोघांच्या मध्ये घालू नका म्हणते, आणि पत्ता मात्र एकाचाच लपवून ठेवते.

आज लिहायला बसले ते एका अपमानामुळे. गाडी सहा महिन्यांनी दुरुस्त होऊन आली. तुझ्या गॅरेजला सील, म्हणून मला ती पुलापलीकडच्या मेकॅनिककडे न्यावी लागली होती. तोच तो, ज्याच्या दाराशी नेहमी तेलाचं डबकं असतं. मागचा भाग चेपला होता तो त्याने सरळ केला, हुक नवा लावला, चाकं बसवली. मग इंजिन तपासायला म्हणून बॉनेट उघडलं आणि नुसता बघत उभा राहिला. टॉर्च आणला, खाली वाकला, पुन्हा वर आला. मला म्हणाला, "बाई, हा सुपरचार्जर कोणी बसवला?"

मी म्हटलं, "का? चुकलंय ना काहीतरी?"

"चुकलंय?" तो म्हणाला. "एक नळी कुठे घासत नाही, एक वायर उघडी नाही. कंपनीतून असाच आलाय असं वाटतं. या माणसाचा पत्ता द्या, मी उद्या कामावर ठेवतो."

माझ्या तोंडावर म्हणाला. ज्या गाडीने मला घाटात तोंडघशी पाडलं, तिच्यावर हात ठेवून. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी त्याला सांगितलं की तो माणूस गाव सोडून गेलाय, आणि का गेला ते विचारू नका. त्याने विचारलंही नाही. पुसायच्या फडक्याने तुझं ते यंत्र पुसत बसला, जसं काही देवघरातलं भांडं.

चौदा वर्षं मी या गाडीने होड्या ओढतेय. तलावावरून उचलायची, ट्रेलरवर बांधायची, घाट चढून पलीकडच्या कारखान्यात दुरुस्तीला सोडायची, बरी झाली की परत आणायची. चौदा वर्षांत माझ्या ट्रेलरवरून दोरीचा तुकडा पडला नाही. तू इंजिनाच्या डोक्यावर ते यंत्र बसवलंस आणि सात आठवड्यांत होडी रस्त्यावर आडवी. रस्त्याच्या कामावरच्या झेंडेवाल्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. चौकशी झाली, तुझं प्रमाणपत्र गेलं, गॅरेज बंद झालं, ते तुझं तू ओढवून घेतलंस. गाडीत एवढा मोठा बदल केला तर वाहन खात्यात नोंद करायची असते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तू केली नाहीस. "करतो, करतो" म्हणत तो फॉर्म तू टायरच्या ढिगावर ठेवलास आणि त्याच्यावर चहाचा पेला.

आणि मग एके सकाळी न सांगता निघून गेलास. आईच्या पाया पडलास म्हणे. माझं दार चार पावलांवर होतं.

उत्तर पाठव. निदान मला शिव्या दे.

— ताई


२२ मार्च

घुम्या,

अठरा दिवस झाले. पोस्टमनला मी आता कुंपणाशीच गाठते, तो बिचारा लांबूनच मान हलवतो. तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची तुझी कला मला नवी नाही. शाळेत मास्तरांनी विचारलं, काच कोणी फोडली, तेव्हाही तू असाच बसला होतास. नाव उगाच नाही पडलं.

आई काल म्हणाली, "तूच त्याच्या मागे लागली होतीस." आईला आठवतं ते सोयीचं तेवढंच.

हो, लागले होते मागे. त्यात काय झालं? मूल दुकानात हट्ट करतं म्हणून दुकानदार त्याच्या हातात सुरी देतो का? मेकॅनिक तू होतास. मला फक्त एवढंच हवं होतं की तिसऱ्या वळणावर गाडीने धापा टाकू नयेत. मागे होडी असली की त्या चढावर माझी गाडी बैलगाडीसारखी व्हायची, मागे रांग लागायची, लोक हॉर्न वाजवून वाजवून डोकं उठवायचे. आणि तो मिशीवाला. त्याची डिझेलची मोठी गाडी, माझ्यापेक्षा मोठी होडी ओढत माझ्या बाजूने वर जायची आणि तो खिडकीतून हात हलवायचा. नुसता हात हलवणं काही गुन्हा नाही, पण तो कसा हलवायचा हे तू पाहायला हवं होतंस. म्हातारीला रस्ता ओलांडून देताना हलवतात तसा.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा तू म्हणालास, "ताई, डिझेल गाडी घे." दुसऱ्यांदा म्हणालास, "जोर वाढवून देईन, पण ब्रेक तेच राहणार." तिसऱ्यांदा मी आईला मध्ये घातलं. तेव्हा तू काहीच बोलला नाहीस, आणि तुझं काही न बोलणं म्हणजे होकार, असंच मी लहानपणापासून धरत आलेय. कोणीतरी धरायलाच हवं, नाहीतर तुझ्याबरोबर घर चाललंच नसतं.

तीन आठवडे लावलेस. मी चहा घेऊन यायचे आणि खोक्यावर बसून बघायचे. तू जमिनीवर सगळे भाग ओळीने मांडले होतेस. मी विचारलं, हे नेमकं करतं काय, तर म्हणालास, "लोहाराचा भाता बघितलायस ना? तसाच. इंजिनच त्याला पट्ट्याने फिरवतं आणि तो इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त." मग थांबून म्हणालास, "आणि उष्णताही जास्त." तेवढ्यासाठी तू पेट्रोलचा पंप बदललास, पुढे जास्तीचा रेडिएटर लावलास, गिअरबॉक्सचं तेल थंड करायची नळ्यांची जाळी बसवलीस. इतकं सलग तू आयुष्यात माझ्याशी बोलला नव्हतास.

पहिल्या दिवशी होडी घेऊन चढले तेव्हाचं सांगते. पाय थोडा दाबला आणि बॉनेटखालून एक बारीक शिट्टी सुरू झाली. तिसरं वळण कधी आलं ते कळलंच नाही. मागचं वजन गेलंय कुठे, म्हणून मी आरशात पाहिलं, तर होडी होती जागेवर. मिशीवाला त्या दिवशी माझ्या पुढे होता. मी त्याच्या बाजूने वर गेले. हात हलवला नाही. नुसतं पाहिलं. मी गाडीत एकटी हसत होते, इतकी की वरच्या टपरीवाल्याने विचारलं, काय झालं.

म्हणजे चढाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार उताराबद्दल आहे.

आणि एक सांगून ठेवते. चौकशीच्या दिवशी, वाहन खात्याच्या आवारात, तपासनिसाने तुला विचारलं, "वजनाची मर्यादा मालकिणीला लेखी दिली होती का?" त्यावर "नाही" म्हणालास तो तू. मी तीन पावलांवर उभी होते, मी अवाक्षर काढलं नाही. शब्द तुझा आहे. उद्या कोणी म्हणायला लागलं की कागद होता न् बिगद होता, तर ते मी ऐकून घेणार नाही.

— ताई


९ एप्रिल

घुम्या,

तुझं कार्ड मिळालं. मी ते तीनदा वाचलं, कारण वाटलं की मागच्या बाजूला काही असेल. मागे माझाच पत्ता होता.

"ताई, पट्टा सहा धारांचा. गाडी सहा महिने उभी होती, लोड लावण्याआधी बदल. गिअरबॉक्सचं तेल काळं झालं असेल, तेही."

सहा महिन्यांनी सख्ख्या बहिणीला पत्र आणि त्यात पट्टा. मी दोन लांबलचक पत्रं लिहिली, तुला दुकानदार म्हटलं, घुम्या म्हटलं, आणि तू मला तेलाचा रंग कळवतोस. पट्टा बदलला. तेल काळंच होतं. आता समाधान झालं?

तुझं कार्ड आलं त्या दिवशी मी इतकी भडकले होते की मी ठरवलं, तुझ्यावर रीतसर तक्रार करायची. ग्राहक म्हणून. त्यासाठी साक्षीदार हवा, म्हणून झेंडेवाल्याकडे गेले. तो आता उभ्याचं काम करू शकत नाही. बांधकामाच्या गोदामात दाराशी खुर्ची टाकून बसतो आणि आत-बाहेर जाणारं सामान लिहितो. एक पाय स्टुलावर. मी संत्री नेली होती. मी त्याला म्हटलं, "तुम्ही फक्त एवढं लिहून द्या की गाडी शिट्टीसारखा आवाज करत, ताबा सुटल्यासारखी आली. ते यंत्र भलतंच जोरात होतं."

त्याने संत्र्याची पिशवी मांडीवर घेतली. म्हणाला, "आवाज बिवाज काही नव्हता, बाई. उतारावर कसला आवाज? मला आधी वास आला. ब्रेक जळल्याचा. मग गाडी दिसली. आणि ट्रेलरच्या पुढे एक काळी वायर लोंबत होती, टोकाला प्लग असलेली. रस्त्याला घासत येत होती. मला वाटलं दोरी सुटलीय, म्हणून मी झेंडा हलवला."

मी विचारलं, "हे तुम्ही चौकशीत सांगितलं?"

"मला कोणी विचारलंच नाही," तो म्हणाला. "मला विचारलं, झेंडा लाल होता की हिरवा. मी म्हटलं लाल."

मग त्याने मला एक संत्रं सोलून दिलं. मी आणलेलंच. ते मी हातातच धरून बसले.

आता लिहिते. मी चार वेळा पेन खाली ठेवलंय.

वायर मी जोडली नव्हती. ट्रेलरच्या ब्रेकची वायर. तिचा प्लग गंजला होता, ब्रेक लागताना ट्रेलर गचके द्यायचा, म्हणून महिनाभर मी ती नुसती हुकाला गुंडाळून ठेवत होते. तुझ्याकडे दुरुस्तीला आणायची, तर तू म्हणाला असतास, नीट होईपर्यंत गाडी हलवू नकोस. आणि माझ्याकडे कामांची रांग लागली होती.

अपघातातली होडी बोट क्लबची होती. केबिनवाली, ती मोठी. तसल्या होड्या मी नेहमी मिशीवाल्याकडे पाठवायचे, तुला माहीत आहे. त्या दिवशी पाठवली नाही. चढ तर अशी चढले की वाटलं, चौदा वर्षं उगाच घाबरत होते. घाटमाथ्यावर थांबून पाणीसुद्धा प्यायले नाही.

उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये यायला हवं होतं. मी आले नाही. ब्रेकवर पाय ठेवून आले. चौथ्या वळणाच्या आधी पेडल मऊ झालं. घुम्या, तो मऊपणा मी तुला सांगू शकत नाही. पायाखालची जमीन म्हणतात, ती असते तरी कठीण. हे उशीवर पाय दिल्यासारखं होतं. मग मागून धक्का बसला. माझाच ट्रेलर मला ढकलत होता.

आणि कागद होता. हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण आत्तापर्यंत मी ते कुठेच लिहिलेलं नाही. ऊन अडवायच्या पट्टीच्या मागे तू दुहेरी चिकटपट्टीने लावला होतास. "वजन पूर्वीइतकंच. ओढ वाढली, ब्रेक वाढले नाहीत. ट्रेलरची वायर जोडल्याशिवाय हलायचं नाही. उतारावर दुसरा गिअर." खाली तुझी सही, तारीख. अक्षर असलं घाणेरडं की मी म्हणाले होते, हे वाचण्यापेक्षा दरीत गेलेलं बरं. तू हसला नव्हतास.

झेंडेवाल्याला लोकांनी उचलून नेलं, पोलीस यायचे होते. मी गाडीत बसून होते. कागद पट्टीमागून ओढून काढला. पर्समध्ये घातला. आता तो शिवणाच्या मशीनच्या खणात आहे.

चौकशीच्या दिवशी तू गाडीचं दार उघडलंस आणि ती पट्टी खाली केलीस. तुला दाखवायचा होता तो. तिथे चिकटपट्टीचे दोन पांढरे तुकडे होते. तू ते पाहिलेस. माझ्याकडे पाहिलंस. पट्टी वर केलीस आणि "नाही" म्हणालास.

का म्हणालास? कोणी सांगितलं होतं तुला? मी मागितली होती तुझ्याकडे दया? सहा महिने मी त्या एका शब्दाखाली दबून वावरतेय. तू मला तिथे, सगळ्यांसमोर, खोटारडी म्हणाला असतास तर मी भांडले असते, नाकारलं असतं, रडले असते, आणि प्रकरण मिटलं असतं. तू मला भांडायलाही जागा ठेवली नाहीस. स्वतःचं गॅरेज माझ्या पायाशी ठेवून निघून गेलास आणि मी त्याच्यावर उभी.

असलं उपकार करणारं माणूस मला घरात नको.

— ताई


२६ एप्रिल

घुम्या,

मी वाहन खात्यात जाऊन आले.

जायच्या आधी आईला सांगितलं, सगळं. मला वाटलं होतं ती मला जवळ घेईल, नाहीतर थोबाडीत देईल. दोन्ही नाही. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आता सांगून काय मिळणार? तुझा परवाना जाईल. तो तिकडे, तू इथे घरात बसलेली. मग मी दोघांकडे बघत बसू?" मी म्हटलं, "आई, त्याचं गॅरेज बंद आहे." ती म्हणाली, "त्याचं बंद आहे, तुझं चालू आहे. दोन्ही बंद करून काय होणार आहे?" हिशेब तिचा बरोबर होता, म्हणूनच मला जास्त राग आला. मी चप्पल घातली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. घुमेपणा कुणाकडून आलाय ते कळलं.

तपासनीस तोच आहे, सारखा पेन्सिलीला टोक काढणारा. त्याच्या टेबलावर एवढा कीस साचलेला असतो की फायली त्यावरूनच सरकतात. मी कागद पुढे ठेवला. त्याने वाचायला घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"हे काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. न अडखळता. पाठ आहे मला.

"हा कुठे होता?"

"गाडीत. मी काढून घेतला होता. आणि ट्रेलरची वायरही जोडली नव्हती."

त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाला, "बाई, तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का? भावाने वगैरे?"

मी म्हटलं, "तो फोनसुद्धा उचलत नाही. दबाव कसला आणतोय."

"पण त्यांनी स्वतःच जबाब दिलाय की लेखी काही दिलं नव्हतं."

"मग तो खोटं बोललाय."

म्हणजे बघ, तुला सोडवायला गेले आणि तुलाच खोटं बोलल्याच्या आरोपात अडकवून आले. त्याने लगेच फाईल उघडली आणि म्हणाला, आता दोघांनाही पुन्हा बोलवावं लागेल, समोरासमोर. झेंडेवाल्यालाही, वायरीबद्दल. मी विचारलं, त्याला जिना चढवेल का? तो म्हणाला, "मग आम्ही खाली येऊन जबाब घेऊ." एवढं मात्र बरं बोलला.

बारा मे, मंगळवार, सकाळी साडेदहा. तुला नोटीस येईलच, पण सरकारी पाकीट तू उघडशील याची मला खात्री नाही, म्हणून मीही कळवते. यायचं. आणि आलास की बोलायचं. जे झालं ते, माझ्या विरुद्ध जाईल ते सगळं. पुन्हा एका शब्दात आटोपलंस तर याद राख.

— ताई


१५ मे

घुम्या,

तू मंगळवारी संध्याकाळच्या बसने परत गेलास, तिकडच्या मालकाकडचा महिना पुरा करायला. कचेरीत जे झालं ते तू माझ्याइतकंच पाहिलंस, तरी लिहिते, कारण बसमध्ये चढताना तू मला बोलू दिलं नाहीस. तू. मला.

चाळीस मिनिटं बोललास. मी भिंतीवरचं घड्याळ पाहत होते. वजन सांगितलंस, ब्रेक किती तापतात ते सांगितलंस, कोरा कागद मागून ट्रेलरचं चित्रही काढून दाखवलंस. नोंदणी केली नाही ही स्वतःची चूक, हेही कबूल केलंस. इथपर्यंत ठीक होतं. मग तपासनिसाने विचारलं, "धोका माहीत होता तर काम घेतलंतच का?" आणि तू म्हणालास, "ती थोरली आहे. तिला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धतच नाही."

म्हणजे चूक काय झाली, तर मी आधी जन्मले. सगळ्या कचेरीसमोर. झेंडेवाला हसला, मी पाहिलं.

पण मला खरं लागलं ते नंतर, बाहेर व्हरांड्यात. मी तुला म्हटलं, "त्या दिवशी मला वाचवायची काय गरज होती?" तू अशा आवाजात बोललास की शेजारचा शिपाई उठून आत गेला.

"वाचवायला?" म्हणालास. "ताई, मी तुला वाचवलं नाही. चिकटपट्टी पाहिली आणि मला तुझा इतका राग आला की मला तुझ्याशी, तुझ्याबद्दल, कोणाशीच एक शब्द बोलायचा नव्हता. 'नाही' म्हटलं की सगळं संपतं, म्हणून म्हटलं. गॅरेज गेलं तर गेलं. मला तिथून निघायचं होतं फक्त."

मग म्हणालास, "अजूनही राग आहे."

मी इतके महिने तुझ्या मोठेपणाखाली चिरडत होते, आणि मोठेपणा नव्हताच. नुसता राग होता, माझ्यासारखाच. तुला सांगते, मला त्या व्हरांड्यात इतकं बरं वाटलं की मला बाकावर बसावं लागलं. तुला वाटलं मला चक्कर आली. तू धावत जाऊन पाणी आणलंस आणि ते माझ्या हातात आदळलंस, निम्मं साडीवर.

आज निकाल आला. माझा ओढकामाचा परवाना दोन वर्षं बंद. साधी गाडी चालवता येईल, मागे काही लावायचं नाही. तुझं प्रमाणपत्र परत, पण ताकीद देऊन, आणि खोट्या जबाबाबद्दल दंड. झेंडेवाल्याची भरपाई आता माझ्या विम्यातून नव्याने ठरणार आहे, ती पूर्वीपेक्षा जास्त मिळेल असं तपासनीस म्हणाला. मी निरोप द्यायला गोदामात गेले तर तो म्हणाला, "पाय काही परत मिळायचा नाही, पण बरं केलंत." मला तिथून लवकर निघता आलं नाही. दोन ट्रक सामान आलं होतं, ते मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला.

आई निकाल ऐकून म्हणाली, "म्हणजे तो येतोय." बाकीचं तिने ऐकलंच नाही.

सुपरचार्जर एकतर काढायचा, नाहीतर नोंदवून ठेवायचा, असं निकालात आहे. काढणार असशील तर तूच काढ, मी पुलापलीकडच्याला हात लावू देणार नाही. पण मी ठेवायचं ठरवलंय. गाडी तू चालवशील, लहान होड्या नेशील, मोठ्या आल्या तर मिशीवाल्याला देशील. म्हणून आज मीच वाहन खात्याच्या खिडकीवर जाऊन नोंदणीचा फॉर्म घेतला आणि तिथेच उभ्याने भरला. इंजिन नंबर, बदलाचा प्रकार, काम करणाऱ्याचं नाव, सगळं. एक रकाना होता, 'बदल कोणाच्या विनंतीवरून केला'. मी 'विनंती' हा छापील शब्द खोडला, वर 'हट्ट' लिहिलं आणि पुढे माझं नाव घातलं.

खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म परत सरकवला. "बाई, असं चालत नाही. छापील शब्द खोडायचा नसतो."

मी म्हटलं, "पण विनंती नव्हतीच."

"अहो, सगळे विनंतीच लिहितात."

"सगळ्यांनी केली असेल. मी केली नव्हती. माझ्या भावाने दोनदा टाळलं होतं आणि तिसऱ्यांदा मी आईला घेऊन गेले. याला तुमच्या खात्यात विनंती म्हणतात का?"

मागे रांग होती. तो म्हणाला, नवा फॉर्म घ्या आणि नीट भरून आणा. मी घेतला नाही. खोडलेलाच घेऊन घरी आले, आणि तो या पत्राबरोबर पाठवते आहे. तुझी सही दुसऱ्या पानावर लागते. वाचून मग कर. तो शब्द राहू द्यायचा की नाही, हे मी ठरवणार नाही. या वेळी तू सांग.

— ताई